'ग्रीसचे सप्तर्षी' म्हणावं का?

थेलीस, सोलोन वगैरे प्राचीन ग्रीसमधल्या सात जणांना एका लेखात 'ग्रीसचे सप्तर्षी' म्हटलेलं वाचलं. कानाला गोड लागतं, पण खटकलंही. मराठीत नेमका शब्द कोणता?

— खटकायलाच हवं! ऋषी म्हणजे मंत्रद्रष्टा. हे सातजण बहुतेक कारभारी. सोलोन इ.स.पू. ५९४ मध्ये अथेन्सचा आर्कन, म्हणजे मुख्य अधिकारी झाला आणि कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची चाल त्यानं मोडली. पिटाकसनं मितिलिनी नगरात कायदा केला, दारूच्या नशेत गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट. पेरिआंडर तर कोरिंथचा हुकूमशहा! (प्लेटोनं दिलेल्या सात जणांच्या यादीत तो नाही, त्याच्या जागी मायसन आहे.) अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य डिकायआर्कस म्हणायचा की हे ना ज्ञानी, ना तत्त्वज्ञ, नुसते चतुर आणि कायदे करणारे.

— मग आपला 'शहाणे' काय वाईट? पेशवाईतले 'साडेतीन शहाणे' आहेतच की. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस. सगळे मुत्सद्दी, ऋषी एकही नाही.

— पण 'शहाणा'ला टोमण्याचा वास येतो हो. 'फार शहाणा लागून गेलास!' शिवाय दीडशहाणा आहेच.

— तो वास ग्रीकमध्येही आहे. मूळ शब्द 'सोफोस'. त्यातली 'सोफिया', म्हणजे शहाणपण, महाकवी होमरकडे सुताराच्या हातातलं कसब आहे. त्याच कुळातला 'सोफिस्टेस' इतिहासकार हेरोडोटस सोलोनसारख्यांना मानानं लावतो. पुढे तोच शब्द शब्दच्छल करून पैसे कमावणाऱ्यांसाठी शिवीसारखा झाला. म्हणजे त्यांचाही शहाणा हळूहळू दीडशहाणा झालाच. त्यात ती तिवईची गोष्ट. कोळ्यांच्या जाळ्यात सोन्याची तिवई सापडली, 'सर्वांत शहाण्याला द्या' असा डेल्फीच्या अपोलो देवाचा कौल आला. थेलीसनं ती दुसऱ्याकडे धाडली, त्यानं तिसऱ्याकडे, असं करत ती शेवटी अपोलोच्या चरणी गेली. इथे 'सर्वांत मोठ्या ऋषीला' घालून बघा, गंमतच जाते.

— पटलं, 'सात शहाणे'च लिहितो. थेलीस मात्र अडतो. तो तर ग्रहणाचं भाकीत करणारा.

— इ.स.पू. ५८५ चं ते ग्रहण प्रसिद्ध आहे खरं. पण आयोनियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या, सगळ्या ग्रीक नगरांनी तेओस इथे एकच सभा भरवावी, हा सल्लाही हेरोडोटस त्याच्याच नावावर सांगतो. तोही मुत्सद्दीच निघाला की!