मोठे टायर बसवल्यावर क्राउन-पिनियन बदलावे का?

गगनबावडेकर:
माझी फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल पिकअप आठवड्यातून तीनदा कोल्हापूरहून गगनबावडा आणि करूळ घाटमार्गे वैभववाडीला जाते. जाताना ती बहुधा रिकामी असते आणि परतीचा घाट भरलेल्या गाडीने चढावा लागतो. गेल्या महिन्यात मूळ 235/75 आर 15 मापाचे टायर काढून 31 इंची टायर बसवले. त्यामुळे व्यास सुमारे 733 मिलिमीटरवरून 787 मिलिमीटर झाला, म्हणजे सात टक्क्यांहून किंचित जास्त वाढला. एक्सलच्या हाउसिंगमध्ये (शाफ्टची गती चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीत) 41 दात्यांचा क्राउन, म्हणजे मोठे चक्र, आणि त्याला फिरवणारा 10 दात्यांचा लहान पिनियन असल्याचे मला सांगण्यात आले आहे. हे 4.10 चे प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.10 फेरे) आता रस्त्यावर 3.82 असल्यासारखे वागते, म्हणजे ओढ कमी झाली आहे. ही तूट भरून काढण्यासाठी 4.40 हवे, आणि त्याच्या जवळचा 41/9 चा, म्हणजे 4.56 चा संच घ्यावा असे माझे मत झाले आहे. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलताना क्लचचा वास येतो. हे पूर्वी कधीही होत नव्हते, आणि केवळ खर्च वाचतो म्हणून ते सोसत राहणे मला पटत नाही.

उद्यमनगरकर:
आपले गणित बरोबर आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. दोन लगतच्या गिअरांमधले अंतर या सात टक्क्यांच्या कितीतरी पट असते, त्यामुळे जिथे तिसरा ओढत नाही तिथे वेळेवर दुसरा टाकला की काम भागते. याउलट, कारखान्यात नीट बसवलेले हाउसिंग उघडणे हे लहान काम नव्हे. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) साधायची, बेअरिंगवरचा ताण ठरवायचा, डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजणारे काट्याचे उपकरण) लावून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, मिलिमीटरच्या शतांशात मोजायचा, दात्यांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहायचे आणि ठसा सरकला असेल तर सगळे पुन्हा खोलायचे. माझ्या मेहुण्यांच्या गाडीचे हे काम एका गॅरेजने डायल गेज न लावता केवळ हाताच्या अंदाजाने केले आणि दोन महिन्यांत हाउसिंग ओरडू लागले. शिवाय क्राउनचा आकार तोच ठेवून प्रमाण वाढवायचे म्हणजे पिनियनचे दाते कमी होतात व पिनियन लहान होतो. भरलेल्या गाडीत कमकुवत बाजू तीच ठरते. आपली गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने हे सर्व पुढच्या एक्सललाही करावे लागेल. दोन्हीकडचे प्रमाण वेगळे राहिले आणि पुढचा ड्राइव्ह जोडला, तर ट्रान्सफर केसवर (इंजिनाची शक्ती पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीवर) इतका ताण येईल की तिचे नुकसान अटळ आहे. 33 इंची टायर असते तर मी स्वतःच बदला म्हटले असते, कारण तिथे वाढ चौदा टक्क्यांची आहे.

कागलकर:
मीही क्राउन-पिनियन बदलू नये याच मताचा आहे. मोठ्या टायरने गाडी जास्त डिझेल पिते, ही तक्रार बऱ्याचदा चुकीच्या मोजमापातून येते. टायर मोठा झाला की किलोमीटरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी पडतो. मीटर 400 दाखवत असेल तर आपण सुमारे 429 किलोमीटर गेलेलो असतो. 36 लिटर डिझेल लागले, तर सरासरी 11.1 नव्हे, 11.9 आहे. वेगाचेही तसेच, काटा 60 वर असताना गाडी 64 ने धावते. राष्ट्रीय महामार्ग 48 वर नियमित जाणाऱ्याला उलट मोठ्या टायरचा लाभच होतो, कारण इंजिनाचे फेरे कमी होतात.

गगनबावडेकर:
कागलकर, आपली दुरुस्ती मान्य आहे, परंतु माझा रस्ता महामार्गाचा नाही. आणि उद्यमनगरकर, तिसऱ्याच्या खाली दुसरा आहे हे खरे, पण पहिल्याच्या खाली काय आहे? माझी अडचण चढावर गाडी उचलण्याची आहे. लो रेंज (सगळ्या गिअरांची ओढ वाढवणारा हळू टप्पा) वापरावी असे कोणी म्हणेल, पण माझ्या ट्रान्सफर केसमध्ये लो रेंजसोबत पुढचा एक्सलही जोडला जातो, आणि कोरड्या डांबरावर, वळणावळणाच्या घाटात तसे चालवले तर पुढची-मागची चाके एकमेकांना ओढत राहतात. पावसाळ्यात चिखलात हा उपाय योग्य आहे, एरवी नाही.

पन्हाळकर:
दोन्ही बाजूंनी ब्रेकचा विचार झालेला दिसत नाही. चाकाची त्रिज्या वाढली की ब्रेकने दिलेला तोच जोर जमिनीपर्यंत सात टक्क्यांनी कमी पोहोचतो, आणि क्राउन-पिनियन बदलून त्यात काहीही सुधारणा होत नाही. एवढे करून जमिनीपासूनची उंची वाढली किती? व्यासवाढीच्या निम्मी, जेमतेम 27 मिलिमीटर. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, हेही लक्षात घ्यावे. मी आपल्या जागी असतो तर जुनेच टायर परत चढवले असते.

गगनबावडेकर:
ब्रेकचा मुद्दा मी खरोखर विचारात घेतला नव्हता, आणि तो गंभीर आहे. मात्र घाट उतरताना ब्रेकइतकाच इंजिनाचा अडसर, म्हणजे गिअरात असलेले इंजिन गाडीला मागे धरते तो, महत्त्वाचा असतो. तो मोठ्या टायरने कमी झाला आहे आणि 4.56 ने पूर्वीपेक्षाही थोडा वाढेल.

उद्यमनगरकर:
हे मला मान्य आहे. उतारासाठी आपले म्हणणे माझ्या म्हणण्यापेक्षा भक्कम आहे. तरीही संच मागवण्यापूर्वी आत 4.10 च आहे का हे तपासा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. पुढच्या चाकांना उटी (पाचर) लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडा आणि मागचे एकच चाक उचला. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. दुसरे चाक स्थिर असल्याने दोन फेऱ्यांत क्राउन एकदाच फिरतो, म्हणून शाफ्टचे जितके फेरे होतील तेच आपले प्रमाण.

गगनबावडेकर:
आज सकाळी मोजले. शाफ्टचे चार फेरे पूर्ण होऊन खूण सुमारे एक दशांश पुढे गेली. पुढच्या एक्सललाही याच रीतीने तेवढेच आले. प्रमाण 4.10 आहे. आधी ब्रेकचे लायनर आणि ड्रम तपासून घेतो. ते चोख निघाले तरच दोन्ही एक्सलसाठी 4.56 चे संच मागवेन, आणि डायल गेज माझ्यासमोर लावणाऱ्यालाच काम देईन. तोपर्यंत गाडीत निम्माच माल भरणार आहे.