घरट्यातील तिसऱ्या पिल्लाला कोणी मासा का देत नाही?

सहकारनगरकर

नमस्कार. स्कॉटलंडमधील एका तळ्याकाठी ऑस्प्रे या मासे पकडून खाणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचे थेट प्रक्षेपण आमच्या घरी एप्रिलपासून रोज पाहिले जाते. सेवानिवृत्त वडिलांना तर त्याचे इतके वेड लागले आहे की वर्तमानपत्रही ते त्या पडद्यासमोर बसूनच वाचतात. अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर येईपर्यंत सारे सुरळीत चालले होते. आता मात्र तीन पिल्लांपैकी शेवटचे फारच लहान राहिले आहे. मासा आला की मोठे पिल्लू त्याच्या डोक्यावर चोचीने टोचते, मग ते मान खाली घालून घरट्याच्या कडेला निपचित पडते, आणि मादी हे सर्व डोळ्यांसमोर घडत असताना त्याला सोडवायला जात नाही. नर मासा आणतो तोही बहुतेक वेळा डोके खाऊन झाल्यावर. वडिलांचे म्हणणे असे की नर स्वार्थी आहे आणि मादी निष्काळजी. मला तितके टोकाचे बोलवत नाही, पण ज्यांनी कॅमेरा लावला ते एखादा मासा घरट्यात का ठेवत नाहीत, हे मलाही समजत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उजनीकाठ

वडिलांना माझा नमस्कार सांगावा. पण नराची बाजू मांडणे भाग आहे. पिल्ले लहान असेपर्यंत मादी घरटे सोडून फारशी जात नाही. तिची, पिल्लांची आणि स्वतःची अशी सगळ्यांची शिकार त्या एकट्या नराला करावी लागते. पकडलेला मासा तो आधी एखाद्या वाळक्या फांदीवर नेतो आणि डोक्याकडून खायला सुरुवात करतो. त्यात त्याचे पोट भरते आणि उरलेला मऊ, मांसल भाग घरट्यात पोहोचतो. त्याला स्वार्थ म्हणायचे तर डबा पोहोचवण्याआधी स्वतः जेवून निघणाऱ्या प्रत्येकाला स्वार्थी म्हणावे लागेल. कॅमेरा जवळून दाखवत असेल तर मासा आणताना त्याचे पाय जरूर पाहा. माशाचे तोंड पुढे आणि शेपूट मागे अशी पकड असते, त्यामुळे उडताना हवेचा अडथळा कमी होतो. बाहेरचे बोट मागे वळवता येत असल्याने दोन बोटे पुढून आणि दोन मागून अशी मिठी बसते, आणि तळव्यांवरील काटेरी खवल्यांमुळे निसरडा मासाही सुटत नाही.

आता पिल्लाविषयी. ऑस्प्रेची मादी बहुधा तीन अंडी दोन ते तीन दिवसांच्या अंतराने घालते, पण उबवायला सुरुवात करते पहिल्या अंड्यापासूनच. त्यामुळे साधारण ३७ दिवसांनंतर पिल्लेही एकापाठोपाठ एक, त्याच अंतराने बाहेर येतात. तिसरे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हा पहिल्याने चारपाच दिवस मासा खाल्लेला असतो, आणि त्या वयात चारपाच दिवसांचा फरक म्हणजे जवळजवळ दुप्पट अंग. मुबलक मासे मिळाले तर तिन्ही पिल्ले जगतात. तुटवडा पडला तर लहान पिल्लू मागे पडते आणि निदान दोन तरी धडधाकट निघतात. हे ऐकायला कठोर वाटते, पण शिकारी पक्ष्यांच्या अनेक जातींत असेच घडते.

टोचाटोचीकडे पाहून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. मादी जो मान उंच करून पुढे येतो त्याला घास देते. मोठ्याचे पोट भरले की गळ्याखालची अन्नाची पिशवी लिंबाएवढी फुगते आणि ते तिथेच आडवे होते. लहान्याची पाळी त्यानंतर येते. आपण पहिली पाच मिनिटे पाहून हळहळत पडदा बंद करतो आणि नेमका हाच भाग चुकतो. म्हणून जेवणाचा शेवट पाहा आणि लहान्याचा गळा फुगलेला आहे का ते बघा. दिवसातून एकदोनदा जरी तो फुगलेला दिसला तरी काळजी निम्मी कमी करावी. तिथे सलग पाऊस वा वारा असेल तर मात्र चिंतेला कारण आहे. ऑस्प्रे पाण्यात जेमतेम मीटरभर खोलच सूर मारू शकतो आणि पृष्ठभाग खवळलेला किंवा पाणी गढूळ असले की त्याला मासा दिसतच नाही.

औंधची मैना

सर्व माहिती पटली, पण ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हे उत्तर आता कोणीतरी देईल, त्याआधीच माझी हरकत नोंदवते. ब्रिटनमधील ऑस्प्रे माणसाच्या ढवळाढवळीवरच उभे आहेत. शिकार आणि अंडीचोरी यांमुळे ते जवळजवळ नाहीसे झाले होते. १९५४ पासून स्कॉटलंडमधील लॉख गार्टन या तळ्याच्या परिसरात पुन्हा घरटे होऊ लागले, तर १९५८ साली तिथली अंडी चोरीला गेली, आणि मग पहारा बसवून १९५९ पासून लोकांनाच ते घरटे पाहायला बोलावले गेले. इंग्लंडमधील रटलंड वॉटर येथे तर १९९६ पासून स्कॉटलंडची पिल्ले आणून सोडली, तेव्हा कुठे २००१ मध्ये तिथे पहिले पिल्लू झाले. घरट्यासाठी मचाण बांधायचे, पिल्लांच्या पायात ओळखीच्या कड्या घालायच्या, घरट्याच्या वर कॅमेरा लावायचा, आणि पिल्लू उपाशी मरताना तेवढे निसर्गाचे नाव घ्यायचे, हे मला तरी सोयीस्कर वाटते.

उजनीकाठ

मैनाताई, हरकत रास्त आहे. ‘निसर्ग’ हा शब्द मीही इथे वापरणार नाही. कारणे व्यवहारातली आहेत. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्यावर असलेल्या ऑस्प्रेला मुद्दाम त्रास देणे हा गुन्हा आहे, त्यामुळे परवान्याशिवाय कोणी वर चढू शकत नाही. शिवाय माणूस वर गेला की मादी उडते, थंडीपावसात कोवळी पिल्ले उघडी पडतात आणि थोडी मोठी असली तर घाबरून कडेबाहेर पडू शकतात. एकाला वाचवताना तिघांना धोक्यात घालावे का, हा प्रश्न दरवेळी नव्याने सोडवावा लागतो.

आणि मदत कधीच होत नाही असेही नाही. वेल्समधील डवी (Dyfi) येथील घरट्यात २०१२ च्या जूनमध्ये वादळी पावसाने दोन पिल्ले दगावली, तेव्हा तिथल्या मंडळींनी वर जाऊन उरलेल्या पिल्लाला मासा भरवला. ते जगले, उडाले, पश्चिम आफ्रिकेपर्यंत पोहोचले आणि तिथे पहिल्याच हिवाळ्यात मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेले. म्हणून भरवणे व्यर्थ होते असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यातील ऑस्प्रे गवताचे भारे बांधायची प्लास्टिकची सुतळी घरट्यात आणतात आणि पिल्लांचे पाय तीत गुरफटतात. तिथले संशोधक घरट्यापर्यंत जाऊन ती कापून काढतात. आपण टाकलेल्या वस्तूने जीव जात असेल तर वर चढावे, भावंडांच्या भांडणात पडू नये, ही रेघ मला मान्य आहे. वादळाचे पिल्लू नेमके त्या रेघेवर येते, हेही कबूल करतो.

औंधची मैना

सुतळीपुरते आपले एकमत आहे. वादळापुरते मी माझ्या मतावर ठाम आहे.

कर्वेनगर ३

एक व्यावहारिक सूचना. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तासांनी मागे असते. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे चार असतात आणि जूनमध्ये उजाडू लागलेले असते. दिवसाचा पहिला मासा पाहायचा असेल तर काकांनी नाश्त्याच्या वेळेपासून लक्ष ठेवावे.

सहकारनगरकर

सर्वांचे आभार. वडिलांनी ‘डबा पोहोचवणारा’ हे मान्य केले आहे, मादीविषयी अजून नाही. आज दुपारी जेवण शेवटपर्यंत पाहिले. लहान्याला सर्वांत शेवटी सहासात घास मिळाले, पण गळा फुगलेला दिसला नाही. हाच पक्षी आपल्याकडेही पाहता येतो असे ऐकले. ते खरे आहे का?

उजनीकाठ

खरे आहे, पण घरट्यावर नव्हे. महाराष्ट्रात तो हिवाळी पाहुणा आहे. तुमच्या पडद्यावरचे कुटुंब पश्चिम आफ्रिकेकडे जाईल. आपल्याकडे येणारे वेगळे, आशियाच्या उत्तरेकडचे. ऑक्टोबरनंतर भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात, पाण्यातून वर आलेल्या वाळक्या खुंटांवर आणि जाळ्यांच्या काठ्यांवर तो मासा पायाखाली दाबून बसलेला दिसतो. कुंभारगावहून नाव घ्यावी आणि नावाड्याला आधीच सांगावे की फोटोसाठी अगदी जवळ नेऊ नका. जेवता जेवता उडवून लावला की घारी त्याच्या मागे लागतात. दुर्बिणीतून पाठ नीट पाहा. पाठीच्या गडद पिसांना फिकट कडा आणि डोळे पिवळ्याऐवजी नारिंगी दिसले तर ते त्याच वर्षीचे पिल्लू समजावे. अशी पिल्ले पहिल्या उन्हाळ्यात सहसा परत उत्तरेला जात नाहीत, त्यामुळे मे महिन्यातही एखादा दिसू शकतो.