बहिणीला मनाच्या डॉक्टरकडे न्यायचंय, घरात "नाव पडेल" म्हणतात. बेळगाव-खानापूर भागातल्यांनी सांगा

उद्यमबाग_फिटर

नमस्कार. कामाला बेळगावला उद्यमबागेत, घर खानापूर तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, दोन ओळींत ओळखतील.

बहीण २४ वर्षांची, एम.कॉम. झालीय. भाताची रोपं लावायच्या दिवसांपासून तिचं बिघडलंय. पहाटे तीनला उठून बसते. ताटात भात तसाच राहतो. गावातल्या पोरांची शिकवणी घ्यायची, तीही बंद केली. मोबाईलसुद्धा हातात घेत नाही, आणि खरं सांगायचं तर मला भीती तिथूनच वाटायला लागली. काकांनी एका देवरुषाकडे नेऊन आणलं. लिंबू, अंगारा, पाच अमावास्या. चार दिवस बरी दिसली, ते चार दिवस काका अजून मोजून दाखवतात.

आईचं म्हणणं, स्थळं यायला लागलीत, आता दवाखान्याची पायरी चढवली की गोव्यापर्यंतच्या पाहुण्यांत बोंब होईल. बाबा काहीच बोलत नाहीत, सकाळी शेताकडे जातात ते अंधारात परततात.

मागच्या आठवड्यात मीच तिच्यासमोर डॉक्टरचा विषय काढला. ती म्हणाली, "मला धारवाडला सोडून येणार काय?" बाहेरच्यांना सांगतो, तिथं मनाच्या आजारांचा जुना सरकारी दवाखाना आहे, म्हणून आमच्याकडे हे गावाचं नाव नाही, शिवी आहे. शाळेत कोण जरा वेगळं वागलं की "ह्याला धारवाडला पाठवा रे", नाहीतर सरळ "हुच्च", म्हणजे कन्नडात वेडा. मीपण म्हणायचो. तिच्यासमोरच म्हणायचो.

तर मराठीत बोलता येईल असं कुठं न्यावं? बेळगावात न्यावं की कोल्हापूरला, जिथं कोण ओळखणार नाही? आणि फाईल झाली की पुढं लग्नात अडचण येते हे कितपत खरं?

खडेबाजार

आधी नेहमीच्या एमबीबीएस डॉक्टरकडे ने. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घे, ह्या तीन गोष्टींनीही माणूस असा मलूल होतो. आणि "रक्त तपासायला चाललोय" हे आईलाही पचेल.

चोर्ला_घाट

राग मानू नको, पण जरा दमानं घे. माझ्या मामेबहिणीला असंच नेलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, अंग सुटलं, दिवसभर झोपूनच. लग्न राहिलं ते राहिलंच. एकदा नाव पडलं की पुसत नाही. जागाबदल करून बघा, मावशीकडे वगैरे पाठवा महिनाभर.

डोळे_दाखवायला

दादा, मी वडगावची, वय ४१. मीही हेच सगळं केलंय म्हणून जरा लांबण लावते.

मलाही कुणी बघायला नको होतं. म्हणून कोल्हापूर. घरात आणि गल्लीत सांगितलं, डोळे दाखवायला चाललेय. एकशे दहा किलोमीटर जाऊन त्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसते तर समोर आमच्याच गल्लीतली बाई. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. मी म्हटलं, "तुम्ही इकडं कुठं?" तर म्हणाली, "डोळे दाखवायला." दोघी पाच मिनिटं गप्प बसलो आणि मग असं हसू फुटलं की आतली नर्स बाहेर आली. आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, ते एक सोड. पण लपण्याचा हिशेब मला नंतर कळला. दर पंधरा दिवसांनी बोलवायचे. दर वेळी नवीन थाप, दोघांचं बसभाडं, नवऱ्याचा एक खाडा. तिसऱ्या वेळी गेलेच नाही. जरा बरं वाटत होतं, गोळ्या आपल्या आपण बंद केल्या. दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट. असं दोनदा झालं. जवळचा डॉक्टर असता तर झालं नसतं.

भाषेचं विचारलंस ते अगदी बरोबर. कोल्हापूरच्या आधी मी इथंच एका ठिकाणी गेले होते, तिथं समोरच्या माणसाला कन्नडच येत होतं. मला कन्नड येतं की! भाजीचा भाव करते, बँकेत भांडते. पण "जीव लागत नाही कशात" हे कन्नडात सांगायला गेले तर तोंडातून "तलेनोवु" एवढंच बाहेर पडलं. डोकेदुखी. दोन महिने डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. चूक त्या माणसाची म्हणू की माझी, मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून फोन करून आधी विचार, डॉक्टर मराठी बोलतात काय. लाजायचं कारण नाही. बेळगावात मराठी बोलणारे डॉक्टर मिळतात.

गोळ्यांचं: उदासीच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात "बघ, बाधलं." तिथं टिकून राहा. झोपेच्या गोळीसारखी तिची चटक लागत नाही, पण एकदम तोडायचीही नसते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. चोर्ला_घाट, अंग सुटतं हे काही गोळ्यांच्या बाबतीत खरं आहे. पण ते डॉक्टरला सांगितलं की गोळी बदलून मिळते. तुमच्या बहिणीच्या वतीनं ते कुणी सांगितलं होतं काय?

आणि धारवाड. मी शेवटी तिथंही जाऊन आले. इंग्रजांच्या वेळेपासूनचं, १८४५ चं ठिकाण आहे, आता डिमहान्स म्हणतात. सकाळी जायचं, केसपेपर काढायचा, डॉक्टरला भेटायचं, संध्याकाळच्या बसनं घरी. कुणी कुणाला सोडून जात नाही. पण तुझ्या बहिणीचं पहिलं पाऊल तिथं नको, नावानंच घाबरलीय पोर.

कोर्ट_रोड

फक्त कागदाचं बोलतो. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ चा, लागू २०१८ पासून. कलम २३ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कायद्यात सांगितलेले थोडे अपवाद सोडले तर पाहुण्यांना कुणी फाईल दाखवू शकत नाही. कलम ३ सांगतं की आजार आहे एवढ्यावरून माणूस "वेडा" ठरत नाही, ते ठरवायचं तर कोर्टच लागतं.

लग्न: हिंदू विवाह कायद्यात अडचण येते ती लग्नाला आणि मूल होऊ देण्यास माणूस अपात्र ठरेल इतका तीव्र आजार असेल तर. चार महिन्यांची उदासी त्यात बसत नाही. उलट मोठी गोष्ट दाबून लग्न लावलं तर फसवणुकीचा मुद्दा पुढं निघू शकतो, आणि अशी भांडणं मी बघितलीत. लपवाछपवीच जास्त महाग पडते. आईंना हे सांगताना कलमं सांगू नका, शेवटचं वाक्य सांगा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, थेट विचारते. "झोपून उठूच नये" असं काही ती बोललीय का? नसेल तर तू विचार. विचारल्यानं डोक्यात खूळ भरत नाही, उलट माणूस मोकळं होतं. आणि शेतीचं घर म्हणजे फवारणीचं औषध, तणनाशक घरात असणार. ते आजच कुलपात टाक, किल्ली तुझ्याकडे ठेव. ती तसं काही बोलली तर तिला एकटी सोडायची नाही आणि वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायची.

१४४१६ लिहून ठेव. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, फुकट, चोवीस तास. २०२२ पासून चालू आहे. भाषा निवडता येते, मराठीही आहे. बेळगावला सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. शिवाय कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून योजना आहे, त्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात. आदल्या दिवशी चौकशी करून जा.

चोर्ला_घाटांना: २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविनाच सापडले होते. गोळी खाऊन जाड झालेली तुम्हाला दिसली. न खाल्लेल्या आम्हाला रात्रपाळीला दिसतात.

आणि फिटर, तुझ्या प्रश्नात आई आहे, काका आहेत, गोव्याचे पाहुणेही आहेत. तिला स्वतःला काय पाहिजे हे विचारलंस?

उद्यमबाग_फिटर

चार दिवसांनी लिहितोय. औषधाचे डबे कुलपात घातले. बाबांनी बघितलं, काही न विचारता दुसरं कुलूप आणून दिलं.

काल तिला विचारलं. आधी गप्प. मग म्हणाली, १४४१६ तिला माहीत आहे. दसऱ्याच्या आधी माळ्यावर बसून दोनदा लावला होता. पलीकडून मराठीत "बोला" ऐकू आलं आणि दोन्ही वेळा तिनं कट केला, कारण खाली आम्ही टीव्ही बघत होतो. मी म्हटलं, गावाची भीती वाटली काय? म्हणाली, "गावाचं काय, गाव रोजच बोलतंय. दादा, तू काय म्हणशील ह्याची वाटली."

ह्यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. टीव्ही बंद केला आणि जिन्यात बसलो. तिनं फोन लावला, अर्धा तास बोलत होती. मध्ये रडल्याचं ऐकू आलं. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात ते विचारलं. मरायचं नाही म्हणाली, पण थकलेय म्हणाली.

कोल्हापूर नको, जवळच जायचं असं तीच म्हणाली. आईला रक्त तपासायचं म्हणून सांगितलंय, उरलेलं ती स्वतः सांगणार आहे म्हणे. मंगळवारी सुट्टी टाकलीय. किती वाजता गेलं तर गर्दी कमी असते?

डोळे_दाखवायला

नऊच्या आत जा, केसपेपरची रांग तेव्हा लहान असते. आणि डबा घेऊन जा, वेळ लागतो.