५५ पौंडी ट्रोलिंग मोटरला कुठली बॅटरी? घरातली इन्व्हर्टरची चालेल का?

गळटाक्या:
मंडळी मदत हवीय. देवबागला मामाकडे १२ फुटी फायबरची होडी नुसती पडून होती, तिला १२ व्होल्टची ५५ पौंड थ्रस्टवाली (थ्रस्ट म्हणजे ढकलायचा जोर) ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी चालवायची बॅटरीवरची छोटी मोटर घेतली. आता घोडं बॅटरीपाशी अडलंय. घरी इन्व्हर्टरची १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी आहे, मामा म्हणतो तीच उचल. गॅरेजवाला म्हणतो गाडीची मोठी घे, स्वस्तात पडेल. लिथियमचा भाव ऐकून मी फोनच ठेवला. कर्ली खाडीत दोनेक किलोमीटर आत जायचं, तांबोशी माशाला गळ टाकायचा आणि परत यायचं, माणसं दोन. काय घेऊ?

वायरमन_अण्णा:
गाडीची अजिबात नको. ती स्टार्टर फिरवायला असते, दोनचार सेकंद दणकून करंट द्यायचा आणि मग अल्टरनेटर परत भरतो. प्लेटा पातळ असतात, चारदा पूर्ण उतरवलीस की तिचा जीव गेलाच समज.

ट्युब्युलर खोल डिस्चार्जला चांगली पण ती घरात एका जागी बसायला बनवलीय. वजन ५०-६० किलो, उंच, वरून आत ॲसिड. होडी कलली की ॲसिड बाहेर, आणि खारं पाणी आत गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो. मामांना सांग इन्व्हर्टर सुखात राहू दे.

आणि एएचचा आकडा बघून भुलू नकोस, आपल्याकडे सगळे तिथेच फसतात. लेडच्या (शिशाच्या) बॅटरीवर १०० एएच लिहिलेलं असतं ते बहुतेक २० तासांच्या हिशोबाने, म्हणजे ५ अँपिअरने ओढली तर. तुझी मोटर फुल्ल स्पीडला ५० च्या आसपास खाते. तेवढं ओढलं की १०० चे ६०-६५ च हातात येतात, आणि बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे फुल्लवर जेमतेम अर्धा-पाऊण तास!

गळटाक्या:
बापरे. मग लिथियमच का?

वायरमन_अण्णा:
हिशोब कर ना. मधल्या स्पीडला २५ अँपिअर धर, जाऊन येऊन दीड तास म्हणजे ३७-३८ एएच. पाण्याच्या उलट अर्धा तास फुल्ल मारावी लागली तर आणखी २५. झाले साठ-बासष्ट. १०० एएचच्या लिथियम फॉस्फेटमधून ८०-९० बिनधास्त निघतात, वजन १०-१२ किलो, एका हाताने उचलून घरी नेशील. बीएमएस, म्हणजे आतलं बॅटरी सांभाळणारं सर्किट, १०० अँपिअरचा आहे का ते विचार. आणि दुकानात वजन करूनच घे, कारण नुसते सेलच आठेक किलोचे असतात, ६ किलोचं खोकं "१०० एएच" म्हणून दिलं तर दुकानातून बाहेर पड.

बजेट नसेल तर ई-रिक्षावाल्या १२ व्होल्टच्या बघ, त्या रोज उतरायलाच बनवलेल्या असतात. पण तुझ्या कामाला दोन लागतील, पॅरलल जोडून. म्हणजे परत वजन आलंच, आणि ॲसिडचं म्हणशील तर ते तिथेही आहेच, झाकणाच्या खोक्यात घट्ट बांधून ठेवाव्या लागतील.

खाडीकार:
बॅटरी खंयची पण घे रे बाबा, पण वल्ही घराकडे ठेव नको. संगमाच्या बाजूला सुकतीचं (ओहोटीचं) पाणी जोरात ओढतं, तिथे मोटर बंद पडली तर होडी सरळ समुद्राकडे. माझ्या भावाची बॅटरी मधेच मेलेली, नांगर पण नव्हता, शेवटी पर्यटकांच्या होडीने ओढून आणला, गावभर हसले. जाताना सुकतीच्या उलट जा, येताना पाणीच आणून सोडेल. येताना तेवढी बॅटरी वाचेल.

आणि मोटर घरी आणली की गोड्या पाण्याने धू. टर्मिनलला व्हॅसलीन लाव.

गळटाक्या:
खाडीकार वल्ही आणि नांगर दोन्ही घेतो, हसू नका 😄 अण्णा, लिथियम घेतली तर इन्व्हर्टरवरच चार्ज होईल ना? वेगळा चार्जर वाचवायचा होता.

वायरमन_अण्णा:
नाही!! लिथियम फॉस्फेटचाच चार्जर घे, १४.६ व्होल्टवर थांबणारा. लेडचे काही चार्जर त्याच्या वर चढवतात आणि बीएमएस कट मारतो, मग बॅटरी खराब निघाली म्हणून बोंबलत बसशील. आणि प्लसच्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज टाक, वायर १६ स्क्वेअर एमएमची. घरातली पंख्याची वायर लावलेले महाभाग बघितलेत मी.



गळटाक्या:
पंख्याची वायर आणून ठेवली होती खरं तर 🙈