झेब्रिना घरात आणली की हिरवी का पडते? तुमचे अनुभव लिहा

नर्सरीतून जांभळी-चंदेरी ट्रॅडेस्कँशिया (कुणी वाँडरिंग ज्यू म्हणतं, कुणी नुसतं झेब्रिना) हौसेनं आणायची आणि काही महिन्यांत ती फिकी, लांबोडकी झाली की "झाडच खराब निघालं" म्हणून टाकून द्यायची, हे फार घरांत बघते. वाईट वाटतं. झाड खराब नसतं, जागा अंधारी असते. आमच्या ठाण्याच्या घरात पूर्वेच्या ग्रिलला टांगलेली कुंडी गच्च जांभळी आहे. तिचीच फांदी हॉलच्या आतल्या भिंतीला लावली की हिरवट पडते, दोन पेरांतलं अंतर वाढतं. परत खिडकीशी आणली तरी जुन्या पानांना फारसा फरक पडत नाही, पण नवी पानं रंग घेऊन येतात. म्हणून जागा बदलल्यावर शेंड्याकडे बघा. तुम्ही कुठे टांगता, उन्हाळा-पावसाळा कसा काढता, सविस्तर लिहा. खिडकीची दिशा आवर्जून सांगा.

कोल्हापूर, दक्षिणेची खिडकी

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. रसद्रव्यकुंचनाच्या (पेशीतलं पाणी बाहेर गेल्यानं आतला भाग आकसतो, त्या) प्रॅक्टिकलला याच कुळातलं ऱ्हिओ हे झाड आम्ही वर्षानुवर्षं वापरतो. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूची पातळ जांभळी साल सुटून येते. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की एकेक पेशी रंगानं भरलेली दिसते. मिठाचं पाणी सोडलं की तो जांभळा गोळा पेशीच्या भिंतीपासून सुटून मध्ये आकसतो. मुलं अक्षरशः ओरडतात! हा रंग म्हणजे अँथोसायनिन, पेशीतल्या रिक्तिकेच्या, म्हणजे पाण्याच्या पिशवीच्या, पाण्यात विरघळलेला. भरपूर उजेड मिळाला की झाड तो जास्त बनवतं, कमी उजेडात कमी. धागा सुरू करणाऱ्या ठाण्याच्या ताईंचं निरीक्षण म्हणूनच अगदी बरोबर आहे. रंग वाढावा म्हणून खत ओतू नका. जास्त नत्रानं वाढ नुसती लुसलुशीत होते.

नागपूर, पश्चिमेची बाल्कनी

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पश्चिमेचं ऊन म्हणजे पानं करपलीच. मार्च संपता संपता कुंड्या आत घेतो आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवतो. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवत नाही, त्या वाऱ्यानं पानांची टोकं वाळतात. बोअरचं पाणी जड असल्यानं कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, म्हणून अधूनमधून भरपूर पाणी घालून खालून वाहू देतो. उन्हाळ्यात रंग थोडा उतरतो. उतरू दे, झाड जगलं पाहिजे. जुलैत बाहेर नेलं की शेंडे पुन्हा जांभळे.

चिपळूण

नागपूरकरांची अडचण कोरड्या उन्हाची, आमची ओलाव्याची. जून ते सप्टेंबर हवाच ओली, मातीत बोट घातलं की चार-चार दिवस ओलच लागते. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही, हा एकच नियम. तांबड्या मातीत निम्मं कोकोपीट आणि थोडी जाड वाळू घालते, कुंडीखालची थाळी पावसाळाभर काढून ठेवते. दांडा बुडाशी मऊ, काळपट झाला तर वाट बघू नका. वरचा कडक भाग कापून दुसरीकडे लावा.

वाशीम

शेतकरी घरातला आहे, म्हणून एक सांगतो. ही झेब्रिना आपल्या केना या शेतातल्या तणाच्या कुळातली. सोयाबीनमध्ये डवरणी (कोळपणी) केली आणि वरून पाऊस आला की केन्याचा तुटलेला तुकडा पेरापाशी मुळ्या सोडून परत उभा राहतो. शेतात ज्यानं जीव नकोसा होतो, तोच गुण कुंडीत कामाचा. दोन-तीन पेरांचा शेंडा घ्यायचा, खालचं पान काढायचं, पेर मातीत दाबायचं, बस. पाण्याच्या ग्लासातही आठवड्याभरात मुळ्या दिसतात. पण केन्याची भजी करतात म्हणून झेब्रिनाची करू नका! हिच्या रसानं काहींच्या हाताला खाज सुटते.

पुणे, नानुकवाली

माझ्याकडे गुलाबी-पांढरी नानुक आहे, ट्रॅडेस्कँशियाचाच एक प्रकार. तिचं गणित वेगळं. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतं, त्यामुळे एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली की ती जोरात वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. अशी फांदी दिसली की मुळाशी खुडते. पूर्ण गुलाबी फांदीही फार काळ टिकत नाही. पट्टे दोन्ही रंगांचे असलेलीच कटिंगला घ्या. पानांवर पाणी साचलं की तपकिरी डाग पडतात, म्हणून पाणी बुडाशी. आणि घरात कुत्रं असेल तर कुंडी उंच टांगा. आमच्या कुत्रीच्या पोटाला पुरळ उठलं होतं, कुंडी वर गेल्यावर थांबलं.

ऑकलंड, न्यूझीलंड

नानुक ज्या फ्लुमिनेन्सिस जातीच्या जवळची, ती जात इथे तणांच्या राष्ट्रीय यादीत आहे. विकायला, वाढवायला, वाटायला बंदी. जंगलात जमिनीवर ती इतकी दाट पसरते की खाली देशी झाडांची रोपं उगवतच नाहीत. भारतात छाटणी करणाऱ्यांनीही तुकडे ओढ्याकाठी, टेकडीवर टाकू नयेत, ही कळकळीची विनंती. कडकडीत वाळवूनच कचऱ्यात टाका.

पुन्हा ठाणे

वाशीमच्या दादांचा शेंडे लावण्याचा मुद्दा मलाही महत्त्वाचा वाटतो. झेब्रिना जुनी झाली की वरून बोडकी होणारच, जुन्या दांड्यावरची गळलेली पानं परत येत नाहीत. लांबलेले शेंडे कापून त्याच कुंडीत वरून खोचत राहिलं तरच ती भरलेली दिसते.

नाशिक, पूर्वेची खिडकी

मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून याचीच रोपं देते. आमच्या थंडीत मुळ्या फार सावकाश धरतात, त्यामुळे जानेवारीत घाई करून उपयोग नाही. दिवाळी झाली की लगेच कटिंग लावायला घेते. एका छोट्या कुंडीत पाच-सहा शेंडे एकत्र लावा. एकच शेंडा लावला तर संक्रांतीपर्यंत रोप केविलवाणं दिसतं.