तांत्रिक इंटर्नशिप: कशी मिळाली, तिथे गेल्यावर काय झालं?

मास्टर्सची मुलं दरवर्षी तेच विचारतात आणि आपणही तेच सांगतो: ओळखी वाढवा, कोडिंगचा सराव करा, रेझ्युमे एका पानाचा ठेवा. चूक काहीच नाही, पण हातातही काही पडत नाही. म्हणून हा धागा. कुठे अडलं, कोणी हात दिला, प्रत्यक्ष काम काय केलं ते लिहा. कंपनीचं नाव नको. सुरुवात मी करते.

पहिल्या सत्रात साठेक ठिकाणी अर्ज टाकले. दोन नकार आले. बाकीच्यांनी नकार द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. तोवर सीनियर्सना मी "काही असेल तर सांगाल का?" असे मेल करायचे. त्यावर कोण काय सांगणार! मग एकाला जाहिरातीची लिंक, जॉब आयडी आणि "यातल्या अमुक कामासारखं मी हे केलंय" अशा तीनच ओळी पाठवल्या. त्याला फक्त पुढे पाठवायचं होतं. त्याच संध्याकाळी त्याने कंपनीत माझं नाव पुढे केलं, म्हणजे रेफरल झाला.

आता फजिती. दुसऱ्याच आठवड्यात डॅशबोर्ड दाखवायला उभी राहिले, तर जून २०२३ चे सगळे व्यवहार एकाच तारखेला: २० जानेवारी १९७०. युनिक्सची वेळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत मोजतात. डेटात सेकंद होते, मी ते मिलिसेकंद समजून वाचले. सुमारे १६८ कोटी सेकंदांना हजाराने भागलं की उरतात साडेएकोणीस दिवस! मेंटॉर शांतपणे म्हणाला, "माझे पण एकदा तिथेच गेले होते."

*

माझं एम्बेडेड, म्हणजे उपकरणांच्या आतल्या चिपसाठी कोड लिहिणं. मुलाखतीला स्वतः सोल्डर केलेला बोर्ड घेऊन गेलो होतो, वेडावाकडाच. पण अर्धी मुलाखत त्याच्यावरच झाली, आणि ज्याची उत्तरं मला येत होती तेच प्रश्न आले.

तिथे पहिलं काम म्हणजे आय-टू-सी वर (चिप्सना आपसात बोलायला दोन तारांची जोडणी) जोडलेला एक सेन्सर, जो उत्तरच देईना. तीन दिवस ड्रायव्हरचा, म्हणजे सेन्सरशी बोलणारा, कोड उसवत बसलो. सेन्सरचा पत्ता सात बिटांचा की आठ, हा नेहमीचा संशयितही तपासून झाला. चौथ्या दिवशी लॅबमधले टेक्निशियन काका आले, प्रोब लावला आणि म्हणाले, "अरे, लाईन वर चढतेच कुठेय?" स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) सपाट रेघ. आय-टू-सी च्या दोन्ही लाईन्स ओपन ड्रेन असतात, म्हणजे चिप त्यांना फक्त खाली ओढते. वर न्यायला पुल-अप रेझिस्टर लागतो, आणि आमच्या बोर्डावर त्याच्या जागा रिकाम्याच होत्या. ४.७ किलोओहमचे दोन डकवले, सेन्सर बोलू लागला. काकांना आधीच विचारलं असतं तर? पण "सॉफ्टवेअरवाला" म्हणून गेलो होतो ना, लाज वाटली.

*

पीएचडीवाल्यांची वेगळीच तऱ्हा. कंपनी हो म्हणते, गाईड म्हणत नाहीत. मी "जाऊ का?" असं न विचारता कुठलं प्रकरण कधी पूर्ण करेन ते कागदावर मांडून नेलं, तेव्हा परवानगी मिळाली.

एक मात्र चुकलं. तिथलं काम थीसिसमध्ये वापरता येईल का, हे करारावर सही करण्याआधी लेखी विचारायला हवं होतं. तीन महिने राबले, त्यातली एक आकृतीसुद्धा वापरता आली नाही.

*

मला मिळालीच नाही. दोन्ही उन्हाळे कोरडे. मग गूगल समर ऑफ कोड केलं, म्हणजे गूगलच्या मानधनावर मेंटॉरच्या हाताखाली ओपन सोर्स (सगळ्यांना खुला कोड असलेल्या) प्रकल्पात काम. ते २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी असण्याचीही अट नाही. मोठा प्रकल्प साधारण ३५० तासांचा असतो. पण प्रस्तावाची मुदत जवळ आल्यावर जागं होऊन उपयोग नाही, त्याआधी काही महिने त्या प्रकल्पात वावर हवा. माझी पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात मर्ज, म्हणजे सामील, करा अशी विनंती) म्हणजे कागदपत्रांतलं एक चुकलेलं स्पेलिंग. दुसरीवर इतक्या सूचना आल्या की ती मर्ज व्हायला तीन आठवडे लागले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मी तीच चर्चा उघडून दाखवली.

*

मी आता इंटर्न निवडणाऱ्यांत असतो, म्हणून थोडी उलटी बाजू. रेझ्युमेवर मॉडेलची "९८ टक्के अचूकता" दिसली की मी विचारतो, डेटात मोठा गट कितीचा होता? शंभरातले ९७ निरोगी असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना निरोगी म्हटलं तरी ९७ टक्के मिळतात. इथे निम्मे गप्प होतात. गेल्या खेपेस एक मुलगी म्हणाली, "सर, मॉडेल तपासायचा टेस्ट डेटा वेगळा काढायच्या आधीच मी स्केलिंग केलं होतं, म्हणजे सगळे आकडे एका मापात आणले होते; त्यात टेस्टची माहिती आधीच मिसळली, म्हणून आकडा फुगला होता. नंतर तो उतरला, रेझ्युमेवर उतरलेलाच लिहिलाय." तिला घेतलं. आणि "आम्ही केलं, आम्ही केलं" फार झालं की त्यातलं तुमचं कुठलं, हे विचारणारच. राग मानू नका.

*

माझं छोटंसंच. शेवटच्या शुक्रवारी केक कापला, फोटो काढले, आणि जागेवर येऊन बघते तर लॉगिन बंद. पाइपलाइनचा (एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीचा) वेळ किती होता आणि मी किती केला, ते आकडे आतच राहिले. रेझ्युमेत लिहिलंय, "वेळ बराच कमी केला."

*

@ वरची केकवाली: मेंटॉरला मेल टाका, बाहेर सांगण्यासारखं असेल तर सांगतील.

*

टाकलाय. त्यांनीही कंपनी सोडली.