'शाळा' आणि आपापली नववी : अनुभव लिहा

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशनाकडून आली. मी ती वसतिगृहात, मैत्रिणीकडून एका रात्रीपुरती मागून आणून वाचली. सुजय डहाके यांचा सिनेमा जानेवारी २०१२ मध्ये लागला, तो पहिल्याच आठवड्यात पाहिला. उत्कृष्ट मराठी चित्रपट आणि रूपांतरित पटकथा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले, याचा फार आनंद झाला होता. पुस्तकातला नववीतला मुकुंद जोशी आपल्याशी अखंड बोलतो. सिनेमात पुष्कळसं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. मला दोघेही हवे आहेत. तुम्ही आधी वाचलंत की पाहिलंत? आणि तुमच्या नववीतलं काय आठवलं?

*

आधी पाहिला. सगळे जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरबद्दल बोलतात, पण मी तिच्यासारखी नाही, वर्गातली केवडा होते.

जोशीचा मित्र सुऱ्या केवडाला रस्त्यात गाठून विचारतो आणि पुढे प्रकरण शाळेपर्यंत जातं. माझ्या बाबतीत चिठ्ठी होती. मागच्या फाटकापाशी एका मुलाने हातात कोंबली आणि पळाला. मी घाबरून आईला दाखवली, आईने बाबांना. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्याला सगळ्यांसमोर छडीने मारलं. मी तिसऱ्या रांगेत उभी होते. छड्या मोजत होते, अकरापर्यंत मोजल्या.

माझी चूक नव्हती हे मला आज नीट कळतं. मुलांचं ते रोज रस्त्यात उभं राहणं, आम्ही निघालो की घसा खाकरणं, याची भीती खरीच होती. पुस्तक मुलांच्या नजरेतून आहे. त्या नजरेखालून दप्तर छातीशी धरून चालणं कसं असतं ते त्यात कमी आहे, आणि ही माझी मनापासूनची तक्रार आहे. पण तो मार बसायला नको होता. थिएटरमध्ये मला रडू आवरेना. शेजारी नवरा होता. त्याला हे सगळं त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.

*

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आम्ही घसा खाकरणाऱ्यांतले. पलीकडे भीती असेल हे खरंच डोक्यात यायचं नाही.

मी १९७५-७६ सालीच, आणीबाणीत, नववीत होतो, जोशीच्याच वर्षी. तालुक्याचं गाव. भिंतींवर वीस कलमी कार्यक्रमाच्या घोषणा रंगवलेल्या. वडिलांकडे संध्याकाळी गप्पांना येणारे एक गुरुजी अचानक यायचे थांबले. 'मिसाखाली धरलंय,' म्हणजे खटल्याशिवाय अटकेत ठेवणाऱ्या कायद्याखाली, एवढंच घरात हळू आवाजात बोललं गेलं. आणि मला काळजी कसली, तर घटक चाचणीनंतर बाकं बदलणार, मग ती दिसेल की नाही याची! आणीबाणीवर मी नंतर खूप वाचलं. पण ती चौदाव्या वर्षी कशी जाणवत होती, म्हणजे मोठ्यांच्या बोलण्यातून तुटक तुटक, हे मला या कादंबरीतच सापडलं.

*

माझा जन्म २००१ चा. सिनेमा मोबाईलवर पाहिला, मग पुस्तक. सिनेमातल्या शिरोडकरचा, केतकी माटेगावकरचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून पहिली पन्नास पानं जड गेली. मग जोशीचा आवाज लागला आणि चेहरा मागे पडला.

*

मला फक्त शेवटाबद्दल लिहायचंय. शिरोडकर गाव सोडून जाते ते पान मी अजून सलग वाचू शकत नाही.

आमच्या वर्गातल्या एकीच्या वडिलांची मे महिन्यात बदली झाली. ती दूरची, मामाच्या गावाला गेलेला मी, मला कोण सांगणार? जूनमध्ये नवी वही घेऊन गेलो. पहिल्या पानावर अक्षर चांगलं काढायचं ठरवलं होतं, कारण ती वह्या मागायची. सरांनी हजेरी घेतली. तिच्या आधीचं नाव घेतलं, मग थेट तिच्यानंतरचं. ती मुलगी 'हजर' म्हणाली आणि सर पुढे गेले.